ओहोटी साडेआठची

पहाटे साडेपाच

आज माघातली संकष्टी. तिथी चौथी, म्हणजे चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनला भरती भरणार आणि सकाळी नवाच्या सुमारास नदी तळ दाखवणार. मांडवीच्या काठावरचा कुठलाही जुना माणूस हा हिशेब बोटांवर करतो. चोडणला पाणी या हिशेबाच्या थोडं आधीच येतं, म्हणून मी अर्धा तास वजा धरते. मुरगाव बंदराच्या तक्त्याशीही ताडून पाहिलं आहे. ओहोटी साडेआठची.

हा आकडा आज फार महत्त्वाचा आहे. बेटावरच्या मेळाव्यातलं मुलांचं निसर्गाचं दालन मी सांभाळते. कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात ‘खारफुटीतला फेरफटका’ दुपारी अडीचला होता, कारण सकाळी दीपप्रज्वलन आणि भाषणं. अडीचला त्या जागी मुलांच्या गळ्याशी पाणी असतं. समितीच्या बैठकीत मी हट्टाने सगळी पत्रिका उलटी करून घेतली. बेटावरच्या कार्यक्रमाची वेळ पाण्याने ठरवायची, पाहुण्यांच्या गाडीने नव्हे, असं मला मनापासून वाटतं. मुलांना इथून एकच गोष्ट घरी नेता आली तर ती हीच असावी, की नदीला वेळ आहे आणि ती आपण विचारून घ्यायची असते.

डिचोलीच्या कुंभाराकडून आणलेल्या सपाट मातीच्या ताटल्या मोजून टोपलीत रचल्या. शिंपल्यांच्या चुन्याची बादली, चाळलेल्या लाल मातीचं डबडं, खिळे, सुया, भिंगं, जाड कागद. स्केचपेनांचा डबा मुद्दाम घरी ठेवला.

सकाळी पावणेसात

रायबंदरहून येणारी फेरीबोट धक्क्याला लागली. पणजी, मेरशी, जुनं गोवं इथली मुलं उतरली. बेटावरची मुलं आधीच आली होती, कुणी चपला हातात घेऊन. अभयारण्याचं फाटक धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. बेटाच्या पश्चिम टोकाचं हे 178 हेक्टरचं कांदळवन 1988 मध्ये डॉ. सालिम अली यांच्या नावाने राखीव झालं. फाटकापाशी मी मुलांना त्यांची एकच गोष्ट सांगते. मुंबईत लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या कंठावर पिवळा डाग दिसला, आणि ही कुठली चिमणी हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढचं सगळं आयुष्य त्या प्रश्नातून निघालं. मुलं बंदुकीपाशी थोडी दचकतात. दचकू देत. त्यांनी प्रश्न लक्षात ठेवला म्हणजे झालं.

आत गेल्यावर पहिलं काम चित्राचं, पण पाहायचं नाही, ऐकायचं. कागदाच्या मधोमध एक टिंब काढायचं, ते टिंब म्हणजे आपण. मग डोळे मिटून बसायचं, आणि आवाज ज्या दिशेने, जितक्या लांबून येईल तिथे त्याची खूण करायची. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. खंड्याचं खिदळणं कुणी दातेरी रेघेने काढलं, टिटवी कुणी तुटक ठिपक्यांनी. पलीकडच्या चॅपेलची घंटा एका मुलीने लहान लहान होत जाणाऱ्या वर्तुळांनी काढली. दुसरीतल्या एका मुलाच्या कागदाचा तिसरा हिस्सा जाड काळ्या लाटेने भरून गेला होता. ते काय, विचारलं, तर म्हणाला, “टीचर, फेरीबोटीचं इंजिन. ते थांबल्यावरच बाकीचं ऐकू आलं.” पाणपक्ष्यांना या आवाजात पिलांना हाक कशी मारावी लागत असेल, हा विषय मला काढावा लागला नाही. तो कागदावर होता.

मग दुर्बिणी. ब्राह्मणी घार, रातबगळे, शेकाट्यांची एक रांग, उंचावर एक कैकर. यादी पाठ करायला कुणालाच लावलं नाही.

सकाळी साडेआठ

पाणी उतरलं. आम्ही अभयारण्यातून बाहेर पडून शेताच्या बाजूच्या बांधावरून खाडीच्या चिखलात उतरलो. बरोबर पंचायतीतले दोन तरुण आणि एक मासेमार काका. पाय कुठे ठेवायचा हे त्यांनाच ठाऊक.

आयांची काळजी कपड्यांची. त्यांना मी दर वर्षी आठवण करून देते की चिखल हा आमच्या देवाचाच खेळ आहे. माशेलच्या देवकीकृष्णाचं मूळ ठाणं चोडणचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देव आधी मयेला आणि मग माशेलला गेला, आणि तिथे त्याच्या देवळापुढच्या मैदानात आषाढात अजून चिखलकालो होतो, मोठी माणसं अंगभर तेल लावून चिखलात लोळतात. तो देव ज्या बेटाचा, त्या बेटावरच्या मुलांनी गुडघाभर चिखलाला का भ्यावं?

इथला नियम असा की पहिली दहा मिनिटं पेन्सिल उचलायची नाही. उकिडवं बसायचं आणि हलायचं नाही. माणूस हलला की चिखलावरचं सगळं बिळात जातं. स्थिर राहिलं की हळूहळू परत येतं. आधी निवट्या आल्या. डोक्याच्या टोकावर डोळे, पुढच्या परांवर रेलून सरकणं, मधूनच उडी. हा मासा ओलसर कातडीतून आणि तोंडात धरलेल्या पाण्याच्या बळावर उघड्यावर श्वास घेतो. मग बिळांच्या तोंडाशी एकेक पंजा मोठा असलेले छोटे खेकडे. नर तो मोठा पंजा वर उचलतो, खाली आणतो, पुन्हा उचलतो, मादीला दाखवायला आणि शेजाऱ्याला बजावायला. जेवायचं काम दुसऱ्या चिमुकल्या पंजाने. चिखलाचा घास तोंडात घालायचा, त्यातलं शेवाळ आणि सेंद्रिय कण काढून घ्यायचे, उरलेल्या चिखलाची गोळी करून बाहेर टाकायची. मादीचे दोन्ही पंजे लहान, ती दोन्हींनी भराभर खाते. पाचवीतली एक मुलगी हे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “नराला हात एकच, म्हणजे तो उपाशी राहत असेल.” उपाशी नाही, पण त्याला जेवायला जास्त वेळ लागतो, हे खरंच आहे. तिने ते पाहून काढलं, पुस्तकातून नव्हे.

दहा मिनिटांनंतर काढलेली चित्रं मी वर्षभर वर्गात जी चित्रं पाहते त्यांच्यासारखी नव्हती. वर्गात खेकडा काढायला सांगितला की गोल पोट, सहा पाय, दोन सारखे पंजे आणि हसरं तोंड येतं. इथे पंजे विषम आले, पाय नीट आठ मोजून आले, बिळाभोवतीच्या गोळ्या आल्या. एकाने फक्त गोळ्याच काढल्या, कागदभर, खेकडा नाहीच. मला ते चित्र सगळ्यात आवडलं.

परत येताना तिवराचं पान चाटायचं. हे झाड मुळांनी खारं पाणी घेतं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. जीभ लावली की मीठ कळतं. चिखलातून वर आलेल्या बोटभर उंचीच्या सरळ काड्या ही त्याचीच श्वासाची मुळं, म्हणून त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. पलीकडे कांदळाच्या फांदीला लांब हिरव्या शेंगा लोंबत होत्या. त्या शेंगा नाहीत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत.

बांधावर एका उंचवट्यापाशी काका थांबले आणि काठीने दाखवलं. वाळून पांढुरकी झालेली विष्ठा, तिच्यात माशांचे खवले आणि कुर्लीच्या कवचाचे तुकडे. पाणमांजर. चोडणच्या या खाड्यांमध्ये गुळगुळीत केसांची पाणमांजरं कुटुंबाने राहतात आणि ठरलेल्या जागी येऊन अशी खूण ठेवतात. नाकाला हात लावून का होईना, सगळी मुलं वाकली. एक खवला भिंगाखाली ठेवला. त्यावर झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळं असतात, ती मुलांनी काढून घेतली.

“जाळं फाडतात ती,” काका म्हणाले. हे ते दर वेळी म्हणतात, आणि मी मुलांसमोर ते खोडून काढत नाही. जाळं खरोखर फाटतं आणि ते विकत आणायला पैसे पडतात. पाणमांजराला कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे, आणि ज्याच्या पाण्यात ते राहतं त्याला मात्र भरपाईची वाट माहीत नाही. प्राण्याचं कौतुक करायचं तर या माणसाचं ऐकून घेऊनच करायला हवं.

सकाळी दहा

आता मानस. सगळ्या दिवसातली ही वेळ मला कधीच चुकवायची नसते.

आमची खाजन शेती भरतीच्या पातळीखाली आहे. पूर्वजांनी खाडीच्या कडेने चिखल, पेंढा आणि जांभा दगड रचून बांध घातले, आत मिठागरं, मत्स्यतळी आणि खारं सोसणाऱ्या कोरगुट भाताची शेतं केली. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे पाण्याचं दार. लाकडी फळ्यांचं, वरून बिजागरीवर टांगलेलं. ओहोटीला आतलं पाणी फळी बाहेर ढकलून नदीत जातं. भरती सुरू झाली की बाहेरचं पाणी तीच फळी दाबून बंद करतं. वीज नाही, माणूस नाही, पाणी स्वतःच दार लावतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी अजून बाहेर जात होतं, मग मंदावलं, मग जागच्या जागी फिरू लागलं. फळीच्या खालच्या कडेला फेस थरथरला, फळी जरा आत आली, परत बाहेर गेली, पुन्हा आत आली आणि चौकटीवर टेकली. एक जाड, बसका आवाज झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मानशीची देखरेख करणारे आजोबा, वय सत्तरीपलीकडे, त्या टाळ्यांनी इतके सुखावले की त्यांनी मुलांना फळीमागचा चिखल कसा काढायचा, फटीत काथ्या कसा ठोसायचा ते करून दाखवलं.

इथे मला एक गोष्ट नेहमी बोलावीशी वाटते आणि आज बोलले. जंगल म्हणजे चांगलं आणि माणसाचं काम म्हणजे वाईट, असं साधं गणित घेऊन शहरातली मुलं येतात. खाजनात ते चालत नाही. बांध फुटला की खारं पाणी शेतात येतं, भात जातं, आणि काही वर्षांत तिथे कांदळ उगवतं. कांदळाला संरक्षण असल्यामुळे मग ते तोडता येत नाही, आणि शेत शेत राहत नाही. वरून पाहणाऱ्याला हिरवळ वाढलेली दिसते, शेतकऱ्याला त्याच्या आजोबांची जमीन गेलेली दिसते. कधी मासळीच्या हव्यासाने मानस भरतीलाही उघडी ठेवली जाते आणि त्यानेही खार आत येते. गावच्या जमिनी सामाईक सांभाळणाऱ्या कोमुनिदादीच्या काळात बांधाची डागडुजी ही गावाची सामाईक जबाबदारी होती. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती कूळ संघांकडे आली, आणि शेतीच सुटू लागली तशी बांधावर जाणारी माणसंही कमी होत गेली. म्हणून आमच्या निसर्गाच्या दालनात बगळा आणि पाणमांजर जितकं, तितकीच ही फळी असायला हवी. बगळे त्या तळ्यांवर जगतात आणि तळी या फळीवर.

एका मुलाने विचारलं, “आजोबा, तुम्ही नसलात तर कोण बघणार?” आजोबांनी उत्तर दिलं नाही, मुलाच्या हातात काथ्या दिला.

साडेअकरा

मांडवात परत. स्टेजवर समूहगीतांची तालीम चालू, आमचा कोपरा आंब्याच्या सावलीत.

आजची कला कावी. गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी दिसते ती हीच. शिंपले भाजून केलेला चुना, त्यात वाळू आणि गुळाचं पाणी घालून मुरवायचा, त्याचा गिलावा करायचा, आणि तो ओला असतानाच वर जांभ्याच्या लाल मातीचा थर द्यायचा. मग टोकदार हत्याराने लाल खरवडायचं, खालचं पांढरं दिसतं. लाल या मातीतला, पांढरा या नदीतल्या शिंपल्यांचा. सकाळी त्यांनी ज्या दोन गोष्टींवर पाय ठेवले त्यांचेच हे रंग.

चुना हाताला लागतो, म्हणून थर देण्याचं काम मोठ्यांनी सकाळीच ताटल्यांवर उरकलं होतं. खरवडायला नेमका क्षण गाठावा लागतो. फार ओलं असेल तर लाल आणि पांढरं एकमेकांत कालवतं, फार सुकलं तर कपचे उडतात. अंगठा दाबला की ठसा उमटावा पण चुना बोटाला चिकटू नये, इतकं. ते आलं तसं मी “आता” म्हटलं आणि चाळीस डोकी खाली गेली.

पहिल्या पाच मिनिटांत रडू. कारण इथे खोडता येत नाही. एकदा लाल गेलं की गेलं. मी सांगते, रेघ मारायच्या आधी सुई हवेत धरून ती रेघ एकदा मारून बघा. सातवीतला एक मुलगा निवटीचा डोळा काढायला बसला. डोळा म्हणजे पांढरं वर्तुळ, आत लाल बुबुळ. बुबुळ लाल हवं तर तेवढी जागा न खरवडता सोडायला हवी. काढायचं नाही ते आधी ठरवायचं. त्याने वर्तुळाच्या बाहेरून आत अशा बारीक रेघा ओढल्या, मध्ये मोहरीएवढा लाल ठिपका राखला, आणि श्वास सोडला. त्या ठिपक्याने ती निवटी जिवंत झाली. शेजारच्या मुलीने मानस काढली, फळी उघडी, आणि पाण्याच्या रेघा डावीकडून उजवीकडे. “टीचर, ओहोटी,” ती म्हणाली. तिला दिशा कळली होती.

कुणीतरी पालक म्हणाले, आजच्या मुलांना झाडंपेडं काही माहीत नसतात. मला ते पटत नाही. हीच बेटावरची मुलं चवथीला गणपतीवरच्या माटोळीत टांगलेल्या कवंडळाचं, घागऱ्यांचं, शेरवडाचं नाव सांगतात, कारण ती आणायला आजोबांबरोबर गेलेली असतात. सणाने जे शिकवलं ते राहिलं. आपण आणखी सण करायला हवेत, इतकंच.

दीड

जेवण. संकष्टीवाल्या बायकांना साबुदाणा, बाकीच्यांना कोरगुटाचं शीत आणि सोलकढी, शेजारच्या घरांतून आलेलं माशाचं हुमण. ताटल्या सावलीत सुकत ठेवल्या.

तीन

भरती भरली. सकाळी जिथे खेकडे पाहिले तिथे आता होडी चालते. कांदळांच्या मधल्या वाटांत होडी शिरते ती याच दोन-अडीच तासांत. लाइफ जॅकेट घालून मुलं पाळीपाळीने गेली. बिळं पाण्याखाली, तीच खोडं अर्धी बुडालेली. सकाळचं चित्र पुन्हा काढायचं, त्याच कागदावर, दुसऱ्या रंगाने पाण्याची रेघ मारून. कमानीसारखी कांदळाची मुळं पाण्यात कुठपर्यंत बुडाली ते त्यांच्यावरच्या शिंपल्यांच्या पट्ट्यावरून कळतं. मुलांनी पट्टा जुळवून पाहिला, जुळला. नावाड्याने इंजिनाला हात लावला नाही, वल्ह्यांनीच नेलं. एका वळणावर फांदीवरचा रातबगळा उडालाही नाही.

साडेपाच

मिरवणूक. चिवारीच्या काड्यांचा सांगाडा, वर नारळाच्या सोडणांचा काथ्या लावून केलेलं पंधरा फुटी पाणमांजर, आत सहा मुलं. समितीतल्या काहींना वाघ हवा होता, लोकांना वाघ आवडतो म्हणून. वाघ आमच्या बेटावर नाही. जे आहे तेच मिरवायचं, यावर मी अडून राहिले. पाणमांजर धक्क्यापर्यंत गेलं, फेरीबोटीतून उतरणाऱ्यांनी फोन काढले, आणि एका आजीने आपल्या नातवाला सांगितलं की हे प्राणी ती लहानपणी मानशीपाशी रोज पाहायची. तिला मी थांबवून सगळं नीट विचारून घेतलं. सांगाडा काथ्या-चिवारीचाच असल्यामुळे मेळाव्यानंतर तो मोडून भाजीच्या मळ्यात जाईल. फ्लेक्सच्या पाट्यांचं काय होतं ते आपण सगळे दर पावसाळ्यात बघतो.

साडेसात

स्टेजवर तियात्र सुरू झालं. कांदळाच्या दिशेने तोंड केलेले दोन हॅलोजन बंद करून घेतले. त्या झाडांवर रात्री बगळे उतरतात. ध्वनिक्षेपकवाल्याने तक्रार न करता कर्णे गावाकडे फिरवले. मागच्या भिंतीवर पांढरं कापड आणि मंद दिवा लावून पतंग बघायचा कोपरा केला, तिथे मोठी माणसंच जास्त जमली. ताटल्या पालकांना वाटल्या, दोन दिवस पाणी लावू नका म्हणून बजावलं. चुन्याच्या बादल्या नदीत धुवायच्या नाहीत. खड्डा आधीच खणून ठेवला होता, त्यात ओतल्या.

टोपल्या बांधत होते तेवढ्यात सकाळचे मानशीवरचे आजोबा आले. म्हणाले, “टीचर, मे महिन्यात बांधाला माती घालायची आहे, पावसाआधी. माणसं मिळत नाहीत. ही सकाळची पोरं आणाल?”

किती दिवसांचं काम, विचारलं. तीन-चार. लहानांनी काय करायचं? पेंढ्याच्या जुड्या वाहायच्या, माती पायांनी तुडवायची, चहा द्यायचा. मोठ्यांना घमेली आणि खोरी लागतील, तेवढी त्यांच्याकडे नाहीत. मी वहीत अमावास्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या आसपासचे दिवस लिहिले, तेव्हा पाणी कमी चढतं. आजोबांनी वही वाचून त्यातला एक दिवस खोडायला लावला, त्या दिवशी त्यांच्या घरी लग्न आहे. घमेल्यांसाठी पंचायतीला उद्याच पत्र द्यायचं ठरलं.